फ्रायडेची जीन्स, संडेची खाडी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला समुद्र नाही, असं आपण धरून चालतो. मग ऐन थंडीतल्या रविवारी इथली काही नोकरदार मंडळी गमबूट घालून खाडीच्या चिखलात काय करतात?

रविवारची पहाट, पावणेसहा. बदलापूर स्टेशन. आठवडाभर याच प्लॅटफॉर्मवर मी एक छोटंसं युद्ध लढते. डब्यात शिरायचं, सॅक पोटाशी धरायची, आणि ठाण्यापर्यंत एका पायावर. आज मात्र अख्खा बाक माझ्या एकटीचा. डोक्याला माकडटोपी (हो, माकडटोपीच. फॅशन गेली खड्ड्यात), हातात वाफाळता चहा आणि सॅकमध्ये लॅपटॉपऐवजी गमबूट आणि रबरी हातमोजे.

मुंबईतले माझे कलीग्ज थंडी आली म्हणून एसी दोन अंशांनी वाढवतात ना, तेव्हा आमच्याकडे खरोखरची थंडी असते. पारा दहा-बाराच्या घरात उतरतो, सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुप्सवर ‘बदलापूरचं महाबळेश्वर झालं’ छाप मेसेज फिरतात आणि वर्षातून एकदा आम्हाला कुणीतरी हेव्याने बघतं. अशा थंडीत रविवारी दुलई सोडून बाहेर पडायचं म्हणजे कारण तसंच हवं. ट्रेक, लग्न किंवा प्रेम. माझं कारण यापैकी काहीच नाही. ‘संडेला काय प्लॅन?’ असं टीममधल्या एकीने विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. ‘खाडीवर चाललेय. कचरा उचलायला.’ तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी ब्रेकअपच्या वेळीसुद्धा पाहिली नव्हती.

त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, ‘पण तुमच्याकडे खाडी कुठेय?’

प्रश्न रास्त आहे. मलाही अगदी परवापरवापर्यंत तो पडायचा. आमच्या तिन्ही गावांच्या डोक्यात समुद्र म्हणजे जुहू, फार तर अलिबाग. पण नकाशा उघडून उल्हास नदीवर बोट ठेवा. राजमाचीच्या डोंगरांत ती उगवते, कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते आणि कल्याणला पोचली की तिची खाडी होते. भरतीचं पाणी तिथपर्यंत आत चढतं. मग डोंबिवली, मुंब्रा, ठाण्याच्या डोक्यावरून घोडबंदर आणि शेवटी वसईच्या किल्ल्यापाशी अरबी समुद्र. कल्याण हे प्राचीन काळी मोठं बंदर होतं आणि शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली ती याच खाडीवर, हे आपण चौथीत पाठ केलेलं असतं. पण ती खाडी म्हणजे आपल्याच नदीचं शेपूट, हे काही कुणी सांगत नाही. थोडक्यात, समुद्रकिनारा आमच्यापासून लोकलच्या चार-पाच स्टेशनांवर सुरू होतो.

आणि या नदीला एक धाकटी बहीणही आहे. वालधुनी. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम, अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून उल्हासनगरच्या पोटातून प्रवास आणि कल्याणजवळ उल्हासला मिळून थेट खाडी. खरं सांगू? ही नदी आहे, हे मला दहावीत कळलं. तोपर्यंत मी तिला नाला म्हणायचे. आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. शिवमंदिरावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहार राजांनी एवढं देखणं देऊळ काही नाल्याकाठी बांधलं नसणार, एवढा साधा विचारही कधी डोक्यात आला नाही.

याच वालधुनीच्या उगमाशी जीआयपी रेल्वेने बांधलेला जुना तलाव आहे आणि तिथलं पाणी रेल नीरच्या अंबरनाथच्या प्लाण्टला जातं. म्हणजे नदी वरच्या टोकाला इतकी शुद्ध की बाटलीत भरून विकावी, आणि पाच-सात किलोमीटर खाली तीच नदी बघितली की नाकाला रुमाल. त्या रिकाम्या बाटल्या आम्हाला परत कुठे भेटतात, ते सांगतेच.

तिथी गुणिले पाऊण

आमचा अड्डा डोंबिवली पश्चिमेला, मोठागाव-रेतीबंदरच्या बाजूला. स्टेशनवरून रिक्षा करायची, माणकोलीकडे जाणारा पूल दिसला की उतरायचं. आमचा ग्रुप म्हणजे काही संस्था-बिंस्था नाही. रजिस्ट्रेशन नाही, टी-शर्ट नाही, लोगो तर नाहीच. वनविभागाला कळवून जायचं, पालिकेची गाडी सांगून ठेवायची, एवढाच काय तो सरकारी भाग. लोक मात्र झकास आहेत. अंबरनाथचा एक सॉफ्टवेअर टेस्टर, बँकेतल्या दोघी, एक नर्स (नाइट ड्यूटी संपवून थेट येते, तिला आमचा सलाम), बदलापूरचे एक निवृत्त सर आणि उल्हासनगरचे कापडाच्या दुकानवाले एक सिंधी अंकल. अंकल चिखलात उतरत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. पण काठावर बसून गोण्या मोजतात आणि नंतर सगळ्यांना दाल-पकवान खिलवतात. ग्रुपची हजेरी टिकून आहे, त्याचं निम्मं श्रेय त्या पकवानाला.

पहिल्या रविवारी आम्ही मोठ्या उत्साहात आठ वाजता पोचलो, तर समोर काठोकाठ पाणी. कांदळवन कमरेपर्यंत बुडालेलं. कचरा उचलायचा कुठून? तिथले एक कोळी काका जाळं सारखं करत बसले होते. आमची फजिती त्यांनी थोडा वेळ एन्जॉय केली आणि मग विचारलं, ‘तिथी बघितली होती का?’

हे गणित इतकं सही आहे की मी ते ऑफिसात सगळ्यांना शिकवलंय. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याला पाऊणने गुणायचं. जे उत्तर येईल, ती त्या दिवशीच्या भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. द्वितीया असेल तर दीडच्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीनला. अष्टमीला सहाला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरायचा, कारण पाणी काही लोकलसारखं फास्ट येत नाही. आम्हाला सकाळी नऊ-साडेनऊला पूर्ण ओहोटी हवी, म्हणजे अमावास्येनंतरचा किंवा पौर्णिमेनंतरचा दोन-तीन दिवसांतला रविवार गाठायचा. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे हटतं आणि चिखल मोकळा होतो. सगळं गणित हातातल्या मोबाइलवर एका क्लिकमध्ये मिळतं, मान्य. पण काकांना कालनिर्णय पुरतं आणि आम्हाला आता त्यांचं ऐकायची सवय लागलीये.

थंडीच का, तर तेही काकांनीच समजावलं. पावसाळ्यात नदी वरचं सगळं घेऊन खाली येते. सगळं म्हणजे सगळं. २००५ ची २६ जुलै मी नऊ वर्षांची असताना पाहिली आहे. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदी एरवीही दर पावसाळ्यात थोडीथोडी अशीच येते. घरातून, दुकानातून, कारखान्यातून जे जे आपण ‘फेकलं’ म्हणतो, ते उचलते आणि खाडीच्या तोंडाशी पसरून ठेवते. ऑक्टोबरनंतर पाणी उतरतं आणि तिवरांच्या फांद्यांवर पिशव्या तोरणासारख्या लटकताना दिसतात. चिखल जरा घट्ट होतो, ऊन सोसवतं. आणखी एक कारण आहे, पण त्याआधी माझ्या बुटाची गोष्ट.

श्वास घेणारा चिखल

गमबूट घालून मी पहिल्यांदा चिखलात पाऊल टाकलं आणि दुसरं पाऊल उचललं तेव्हा बूट तिथेच राहिला. मी मोज्यावर. पुढे तोल गेला, आणि जे व्हायचं ते झालं. नवीन पफर जॅकेट, सेलमध्ये घेतलेलं, पुढून काळं. वास असा की परतीच्या लोकलमध्ये रविवारच्या गर्दीतसुद्धा माझ्या दोन्ही बाजूंच्या सीट्स रिकाम्या. नर्सने मला हात देऊन उभं केलं आणि सांगितलं, ‘टाच आधी नाही गं, चवडा आधी. आणि एका जागी उभी राहू नकोस.’ खाडी ही अशी माणसाला पहिल्या दिवशीच चालायला शिकवते.

पण पडल्यामुळे एक फायदा झाला. चिखल डोळ्यांच्या रेषेत आला. आणि मला पेन्सिली दिसल्या. खरंच, जमिनीतून वर आलेल्या शेकडो करड्या पेन्सिली. ही तिवराची मुळं. खाडीच्या गाळात हवा जवळजवळ नसते, म्हणून हे झाड आपली मुळं नळकांड्यांसारखी वर काढतं आणि ओहोटीच्या वेळी त्यातून श्वास घेतं. आता अशा मुळांवर एक ओली प्लॅस्टिकची पिशवी अंथरा. मग तिच्यावर गाळ, त्यावर दुसरी पिशवी. झाड लगेच मरत नाही. ते हळूहळू गुदमरतं. आम्ही एका ठिकाणी कोपरापर्यंत हात घातला, तर प्लॅस्टिकचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक निघत गेले. वर यंदाचे वेफर्स, खाली कधीचे कोण जाणे.

थंडीचं दुसरं कारण इथेच आहे. तिवराच्या बिया पावसाळ्यात गळतात, पाण्यावर तरंगत जाऊन गाळात रुजतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांची बोटभर रोपं झालेली असतात, दोन-चार पानांची. भरतीसोबत येणारी एक दोरी किंवा पिशवी अशा रोपाला अडकली, की पुढच्या ओहोटीला ते मुळासकट उपटलं जातं. म्हणून या दिवसांत कचरा निघाला, तर रोपं तगतात. आम्हाला झाडं लावावी लागत नाहीत. झाडं खाडी लावते. आपण फक्त वाटेतून बाजूला व्हायचं.

हे लिहायला सोपं आहे, पण ग्रुपमध्ये यावर चांगलंच भांडण झालं होतं. काहींना रोपं लावायची होती. शंभर रोपं, शंभर माणसं, शंभर फोटो. कुणाच्या तरी कंपनीकडून सीएसआरचे पैसेही मिळणार होते. निवृत्त सरांनी तेव्हा शांतपणे समोर बोट दाखवलं. जिथे रोपं लावायचा बेत होता, त्या पट्ट्यात भरतीचं पाणी पोचतच नव्हतं, कारण मधल्या चराच्या तोंडाशी राडारोडा टाकलेला. तिथे लावलेलं रोप मार्चपर्यंत वाळलं असतं. मग तीन रविवार आम्ही घमेली घेऊन तो चर मोकळा केला. त्याचा एकही ‘लाइक’ मिळवण्याजोगा फोटो नाही. पण चौथ्या वेळी गेलो तेव्हा भरतीचं पाणी त्या चरातून सुळकन आत शिरलं, आणि तो टेस्टर, जो एरवी फक्त बग सापडल्यावर हसतो, तोही जोरात ओरडला.

आमच्या आधी असं वेड लागलेली माणसं बरीच आहेत. वर्सोव्याला अफरोज शहा या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये शेजाऱ्यासोबत बीचवरचा कचरा उचलायला सुरुवात केली, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. कोकणात वेळासला तर त्याही आधी, २००२ पासून, चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची अंडी राखली. तिथेही हंगाम थंडीचाच. आमच्या खाडीत कासवं नाहीत. इथे बगळे आहेत, थंडीत पाहुणे आलेले सीगल आहेत आणि पुलावर उभं राहून त्या सीगलना फरसाण-गाठ्या टाकणारी पब्लिक आहे. (प्लीज टाकू नका. पक्षी खाडीत मासे खायला येतात, नमकीन खायला नाही.) इथून खाली ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात. तिथलं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला.

आणि कायदाही आपल्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्याला चाप लावला आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर कांदळवन नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असं सांगून भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला लावला. २०२१ च्या वन अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदलंय. ते नकाशावर हिरवं दिसतं. आतला चिखल कुठल्या रंगाचा आहे, ते उपग्रहाला दिसत नाही.

निळी नखं

आता जे सांगायचं मी टाळत होते ते.

डिसेंबरातल्या एका रविवारी गोणी भरताना माझ्या हाताला कापड लागलं. ओढलं, तर हातभर लांब पट्टी आली. मग दुसरी. मग एकात एक गुंतलेला भलामोठा गोळा. डेनिमची कतरण. चिखलाने काळी झालेली, पण नखाने खरवडलं की खाली निळी. सोबत कमरेला लावतात तशी रेक्झिनची एक लेबल-पट्टी, कुठल्या तरी परदेशी नावाच्या जवळपास जाणाऱ्या स्पेलिंगची. टेस्टर म्हणाला, ‘हे बघा, जीन्सवाले! यांनीच वाट लावली आपल्या नदीची.’ त्याने स्वतः जीन्सच घातली होती. सगळे हो म्हणाले. मी गोणीचं तोंड बांधत राहिले.

माझे पप्पा जीन्सवाले होते.

मालक नव्हे हं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका गल्लीत जीन्स वॉशिंगचं युनिट होतं, तिथे ते मशिनवर होते आणि नंतर सुपरवायझर झाले. असे शेकडो कारखाने होते तिथे. तुम्ही फ्रायडे ड्रेसिंगला जी ‘फेडेड’ जीन्स घालता ना, ती शिवून झाल्यावर पुठ्ठ्यासारखी ताठ असते. आधी तिची खळ काढायची. मग प्युमिस दगडांसोबत मोठ्या ड्रममध्ये घुसळायची, ब्लीच मारायचं, मांडीवर पांढुरका रंग हवा असेल तर परमँगनेटचा फवारा मारायचा, तो पुन्हा धुवायचा, सॉफ्टनर, पुन्हा धुवायचा. प्रत्येक पायरीला नवं पाणी आणि प्रत्येक पायरीचं जुनं पाणी खाली गटारात. गटारातून वालधुनीत. आम्ही मुलं पुलावर उभे राहून पैज लावायचो, आज पाणी निळं की काळं. पप्पांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या बाबांची नखं निळीच असतात.

नदीचं काय होत होतं, ते कुणाला दिसत नव्हतं असं नाही. आणि एकटे जीन्सवालेच होते असंही नाही. केमिकल कारखाने होते, टँकर होते, आणि तुमच्या-माझ्या संडासातलं न शुद्ध केलेलं पाणी तर होतंच होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी वालधुनीत रसायन ओतलं आणि त्या वाफेने काठावरच्या शेकडो लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली होती. जुलै २०१५ मध्ये लवादाने स्थानिक पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रं यांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड सुनावला. पेपरात मोठा मथळा आला होता. आमच्या घरात त्या दिवशी टीव्हीचा आवाज कमी होता.

त्यानंतरच्या काही वर्षांत कारवाई होत गेली. पप्पांच्या युनिटची लाइट कापली गेली तेव्हा मी टीवायला होते. काही मालक दुसरीकडे सरकले. ड्रम गेले, पाइप गेले, माणसं मागे राहिली. पप्पा आठ महिने घरी होते. मग आम्ही बदलापूरला भाड्याने आलो, ते एका कॉम्प्लेक्समध्ये देखरेखीला लागले आणि मी कॅम्पसमधून नोकरीला. नखांचा निळा रंग हळूहळू गेला. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही.

पहिल्यांदा मी गमबूट घेऊन आले तेव्हा मात्र ते बोलले. ‘कुठे निघालीस?’ मी सांगितलं. ते थोडा वेळ बुटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुझी फी त्याच पाण्यातून आली होती, माहितीये ना?’

माहितीये. आणि याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. नदी वाचायला हवी होती, हे मला पटतं. युनिट बंद झालं ते बरोबर झालं, हेही डोक्याला पटतं. पण त्या आठ महिन्यांत कुणी एक माणूस येऊन मशिनवरच्या माणसांना ‘आता तुमचं काय?’ असं विचारून गेला नाही, हेही मी पाहिलंय. सांडपाणी शुद्ध करायची सोय गल्लीतल्या कामगाराने बांधायची नव्हती. ती ज्यांनी बांधायची त्यांनी बांधली नाही, आणि नोकरी कामगाराची गेली. खाडी साफ करायला येणाऱ्या प्रत्येकाने ‘जीन्सवाले’ म्हणून बोट दाखवण्याआधी आपल्या कपाटातल्या जीन्स मोजाव्यात, असं मला वाटतं. माझ्या सात आहेत.

पप्पा येतात

कतरणीचं प्रकरण मी घरी सांगितलं. का ते माहीत नाही. पप्पा जेवत होते. ‘वेस्टबँडची होती की खिशाची?’ एवढंच विचारलं. मला काय कळणार? मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला. ‘ही कटिंगची आहे. वॉशिंगवाल्यांची नव्हे. कटिंगवाले गोण्या भरून नाल्यात टाकायचे.’ आवाजात थोडा विजय होता. मग ताट सरकवून म्हणाले, ‘ओढून काढली का?’

‘हो. निघतच नव्हती.’

‘ओढायची नाही. ओली डेनिम तुटत नाही.’

जानेवारीतल्या अमावास्येनंतरच्या रविवारी मी लाइट लावला तर पप्पा तयार होऊन बसले होते. पायात जुने रबरी बूट, युनिटमधले. इतकी वर्षं माळ्यावर होते म्हणे. लोकलमध्ये आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही. विठ्ठलवाडी गेल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघत ‘इथे पूर्वी फेस असायचा, पुलापर्यंत’ असं म्हटलं, बस.

ग्रुपमध्ये मी ‘माझे पप्पा’ एवढीच ओळख करून दिली. अंकलनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. दोघं कॅम्पातले, मग काय विचारता. कुठला कॅम्प, कुठली गल्ली, कुणाचं दुकान. अंकलचे वडील फाळणीनंतर सिंधहून कल्याण कॅम्पात आलेले. ‘आम्ही सिंधूच्या काठची माणसं, झुलेलाल पाण्याचा देव आमचा. १९४९ मध्ये छावणीला नाव दिलं तेही नदीचंच. आणि आम्ही नदीकडे पाठ करून दुकानं बांधली,’ असं ते नेहमी सांगतात. तेच त्यांनी पप्पांनाही सांगितलं. पप्पा म्हणाले, ‘पाठ कशाला, आम्ही तर तोंड करून उभे होतो. तरी काय केलं?’

अंकल हसले. मग पप्पा उठले आणि चिखलात उतरले.

त्यांना चालायला शिकवावं लागलं नाही. ओल्या, निसरड्या जमिनीवर वीस-बावीस वर्षं काढलीत त्यांनी. ज्या गोळ्याशी आम्ही मागच्या खेपेला अर्धा तास झुंजून हरलो होतो, त्याच्यापाशी ते उकिडवे बसले. आधी नुसतं हाताने चाचपलं. मग विळा मागितला. ‘ओढलं की मुळं उपटतात. हिला मोकळी करायची, मग उचलायची.’ एकेक पट्टी विळ्याने कापत त्यांनी तिवराची ती पेन्सिलीसारखी मुळं एकेक करून सोडवली. एखाद्या शिंप्याने टाका उसवावा तसं. कापड सुटलं, पण पाण्याने इतकं जड झालेलं की उचलेना. तर त्यांनी टेस्टरला हाक मारली. ‘हे टोक धर. मी इकडून पिळतो, तू उलटा पीळ.’ दोघं समोरासमोर उभे राहून कतरणीचा दोर पिळायला लागले. काळं पाणी गळालं, मग राखाडी. शेवटी थोडंसं निळं.

टेस्टर दमून म्हणाला, ‘काका, तुम्हाला एवढं कसं काय माहिती हो?’

मी श्वास रोखला. पप्पांनी पीळ सोडला नाही. ‘जीन्सच्या वॉशिंगला होतो,’ ते म्हणाले. ‘कॅम्प पाचला.’

टेस्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं आणि मग एवढंच म्हणाला, ‘अजून एक गोळा आहे पलीकडे. तो पण काढू या?’

त्या दिवशी आम्ही फक्त कापडच काढलं. नऊ गोण्या. अंकलनी दोनदा मोजल्या. रेल नीरच्या बाटल्या, चपला, थर्माकोल तसंच राहिलं, ते पुढच्या खेपेला. खाडी तेवढ्याने साफ होत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. वर नळ उघडा ठेवून खाली फरशी पुसण्यातला हा प्रकार. पालिकांची सांडपाणी केंद्रं पूर्ण ताकदीने चालेपर्यंत, आणि कचरा नदीत पडायचा थांबेपर्यंत, दर थंडीत पुसत राहायचं. मात्र जिथला चर आम्ही मोकळा केला होता, तिथे यंदा तिवराची रोपं आलीत. मी मोजायचा प्रयत्न केला. साठ-सत्तरनंतर सोडून दिलं.

साडेअकराला पाणी परत यायला लागलं. काकांनी काठावरून शीळ घातली, म्हणजे निघा. आम्ही सगळे बाहेर आलो तरी पप्पा आतच, शेवटच्या एका पट्टीशी. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा कुठे वळले. दाल-पकवान तीन खाल्ले त्यांनी. घरी आल्यावर बूट स्वतः धुतले, गॅलरीत उलटे टांगले. माळ्यावर ठेवले नाहीत.

सोमवारी सकाळी डबा भरताना किचनमधल्या कालनिर्णयकडे लक्ष गेलं. फेब्रुवारीचं पान वर केलं होतं. एका रविवारभोवती निळ्या बॉलपेनने गोल काढला होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तिथी बघितली. विळे २, धार लावून.’